खिचडी झाली की

जुलैचा पहिला आठवडा लागला की मेहकरकडच्या आमच्या गावातून सकाळी दहाच्या सुमाराला दोन आवाज निघतात. एक डवऱ्याच्या बैलांच्या घुंगरांचा. तो गल्लीतून पांदीला लागतो आणि वावरांत विरून जातो. दुसरा अंगणवाडीतल्या रडण्याचा. तो कुठं जात नाही. मारुतीच्या पारापर्यंत येतो आणि तिथल्या म्हाताऱ्यांच्या कानांत ठाण मांडतो. "नवी भरती झाली वाटते," एखादा म्हणतो आणि तंबाखू मळायला घेतो.

यंदाच्या भरतीत माझ्या भावाची नात होती. कागदोपत्री तिचं नाव मोठं ऐटीचं आहे, पण घरात सगळे तिला लहानीच म्हणतात. वय तीन पूर्ण. मी पाऊस पडल्यावर चार दिवस माहेरी गेलेली. शाळामास्तरीण म्हणून उभा जन्म गेलेला, तेव्हा पोर शाळेत घालायचं म्हटल्यावर घरच्यांनी मलाच पुढं केलं. मलाही वाटलं, यात काय अवघड आहे.

लहानीनं मायच्या शर्टाचं टोक धरलं होतं. वावरात जाताना आमच्याकडच्या बाया लुगड्यावरून घरधन्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. सोयाबीनच्या पानांनी हात खरचटू नयेत म्हणून, आणि ऊन लागू नये म्हणूनही. त्या शर्टाचं खालचं बटण लहानीच्या मुठीत होतं. मूठ एवढी घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडलेली. मी तिच्यापुढं वाकले आणि जन्मभराच्या सवयीनं म्हटलं, "ये बरं इकडं, तुला चिमणी दाखवते." एकीकडं भाचेसुनेला डोळ्यानं खुणावलं: निघ. मूठ थोडी ढिली झाली.

"बाई, चिमणी नका दाखवू," अंगणवाडीची ताई दारातून म्हणाली.

मी चपापले. ताईचं वय माझ्या लेकीएवढं. तिनं आवाज न चढवता सांगितलं, "मांगं पाह्यते तं माय नाई. मंग चिमणीवरलाबी इस्वास उडते."

मग तिनं भाचेसुनेला पोरीसमोर खाली बसायला लावलं. डोळ्यांत पाहून सांग म्हणाली. भाचेसून लाजली, इकडंतिकडं पाहिलं, आणि म्हणाली, "लहाने, मी वावरात जातो. निंदून येतो. खिचडी झाली की मी दारात." आमच्या वऱ्हाडीत बाईमाणूसही 'जातो', 'येतो' असंच म्हणतं. मी मात्र गावाबाहेर शिकले, तिथं ते 'येतो' गळून पडलं आणि 'येते' आलं. तिच्या तोंडचा तो शब्द ऐकून मला काहीतरी जुनं हाताला लागल्यासारखं झालं. तिनं डोक्याची दस्ती सोडली, लहानीच्या हातात दिली, आणि मागं न पाहता पांदीला लागली.

लहानी रडली. असंतसं नाही. पारावरच्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या असतील. ताईनं तिला मांडीवर घेतलं, पण 'रडू नको' काही म्हटलं नाही. एकच घोळवत राहिली: "माय गेली. हो ना. वावरात गेली. येते." पुन्हा, "माय गेली. हो ना." जात्यावर बसलेली बाई जशी एका लयीत हात फिरवत राहते तशी. मी भिंतीला टेकून बसले होते. मला त्या लयीत भलतंच काही आठवायला लागलं होतं.

पस्तीस वर्षं झाली असतील. माझी नोकरी नवी, मुलगा तीन वर्षांचा. तालुक्याच्या गावी एक बालवाडी होती, तिथं त्याला घातला. तिथल्या बाईंनी मला शिकवलं होतं, सांगत बसू नका, तो खेळण्यात रमला की मागच्या दारानं निघा. तेव्हा सगळे असंच करत, आणि मीही केलं. चांगले सहा-सात दिवस मागच्या दारानं निघत होते. लाकडी घोड्यावर बसलेली त्याची पाठ मला अजून दिसते. आठव्या दिवशी बाई कौतुकानं म्हणाल्या, "आता रडत नाही हो, रुळला." मी पेढे वाटायचीच राहिले होते. आणि घरी हा मुलगा मी न्हाणीत गेले तरी दाराबाहेर बसून राहायचा. रात्री माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळून झोपायचा. मी कूस बदलली की जागा. लाकडी घोड्याचं तर त्यानं पुढं नावच काढलं नाही. यातला आणि त्यातला धागा जोडायला मला फार वर्षं लागली.

शांत झालेलं लेकरू रुळलं म्हणून समजणं ही चूक पुष्कळांनी केली आहे. माझ्यापेक्षा शहाण्या माणसांनीही. लंडनच्या दवाखान्यांत एके काळी आजारी मुलांना भेटायला आईबापांना येऊ देत नसत, किंवा आठवड्यातून तासभर येऊ देत. मूल दोन दिवस रडतं, मग गप्प होतं, असा परिचारिकांचा अनुभव. म्हणजे चाललंय ते ठीक चाललंय. जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसाला ते गप्प होणं पटेना. १९५२ मध्ये त्यानं दवाखान्यात आठ दिवस राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा मूकपट काढला. ती फारशी रडतही नाही. नुसती चेहरा आवरून बसते, आणि तेच बघवत नाही. पडद्यावर ते पाहून डॉक्टर मंडळी आधी चिडली. हळूहळू भेटीचे नियम सैल झाले, आणि आज आई मुलाच्या खाटेशेजारी झोपू शकते. रॉबर्टसन सांगत होता ते एवढंच, की मूल आधी आकांत करतं, मग आशा सोडतं, आणि मग आईवाचून काही अडत नाही असं दाखवायला लागतं. तिसऱ्या पायरीला आपण 'रुळला' म्हणतो.

न सांगता निघून जाणं वाघाला शोभतं. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. आईला सोडून स्वतःचा मुलूख शोधायचं त्याचं वय झालं होतं. गळ्यात रेडिओ कॉलर, म्हणून त्याची वाट कळली. कापसाची शेतं, नाले, रस्ते ओलांडत पाचेक महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चालून डिसेंबरात तो आमच्या बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोहोचला. तेव्हा आमच्या जिल्ह्यात चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. त्यानं निघताना वाघिणीला 'येतो' म्हटलं नसणार, आणि तिनंही वाट पाहिली नसणार. माणसाचं पिल्लू तसं नाही, आणि माणसाची मायही तशी नाही.

म्हणून तर आपल्याकडं निघताना कोणी नुसतं 'जातो' म्हणत नाही. माझी आजी 'जातो' म्हटलं की कानशिलात द्यायचीच बाकी ठेवायची. "येतो म्हण. जातो काय? जाणाऱ्यानं जातो म्हणू नाई." लग्न होऊन गेलेल्या लेकीही वेशीपर्यंत रडत रडत 'येतो वं माय' असंच म्हणत. दिवाळीला येतील, का राखीला येतील, काही सांगता यायचं नाही. तरी शब्द तोच. आम्ही तो इतका वापरला की गुळगुळीत झाला. बँकेतून बाहेर पडताना कॅशियरलाही 'येतो' म्हणतो. तो काय आपली वाट पाहतो? पण तीन वर्षांच्या पोराला शब्द गुळगुळीत व्हायला वेळच मिळालेला नसतो. त्याला तो अक्षरशः ऐकू येतो: ही येणार. आणि ज्या भाषेत जाण्यासाठीसुद्धा येण्याचाच शब्द आहे, त्याच भाषेतल्या आम्ही आया मागच्या दारानं निघत होतो, याचं मला त्या दिवशी भिंतीला टेकल्या टेकल्या फार हसू आलं. पुरतं हसूही म्हणता यायचं नाही ते.

येतो म्हणायचं ठीक, पण केव्हा? घड्याळ त्या वयात कळत नाही. 'दोन वाजता' म्हणजे पोराच्या लेखी 'कधीतरी' आणि 'लगेच' म्हणजे शुद्ध थाप. आमच्या ताईच्या अंगणवाडीतलं घड्याळ म्हणजे शेजारच्या खोलीतला मदतनीस मावशीचा गंज. आधी गाणी होतात. मग मणी, ठोकळे, ज्याला जे हवं ते. मग बाहेर चक्कर. मग हळदीचा आणि फोडणीचा वास येतो, गंजावर सराटा दोनदा वाजतो, आणि पोरं आपसूक हात धुवायच्या नळाकडं निघतात. हा क्रम ताई कधी मोडत नाही. "आज गाणी नंतर घेऊ म्हटलं तरी नव्या पोरायच्या पोटात गोळा येते," ती म्हणाली. लहानीला तिसऱ्या दिवशी हे घड्याळ कळलं. फोडणी बसली की ती दस्ती खांद्यावर टाकायची, दिंडीला निघाल्यासारखी, आणि दाराकडं तोंड करून जेवायला बसायची.

त्या दस्तीचं एक सांगायचंच राहिलं. पहिल्या दिवशी घरी आल्यावर भावजयीनं ती धुवायला टाकली. दुसऱ्या दिवशी साबणाच्या वासाची दस्ती लहानीनं नाकाला लावली आणि भुईवर टाकून दिली. भाचेसुनेला पुन्हा डोक्याची सोडून द्यावी लागली. घाम, खोबरेल, ओल्या मातीचा वास. आपल्याला नकोसा वाटेल असा. पोरीनं ती तोंडावरून फिरवली आणि मग ठोकळ्यांकडं गेली.

दुपारी पोरं पांगल्यावर मी ताईशी बोलत बसायचे. अंगणवाडी हा शब्दच बघा, मी तिला म्हटलं. १९४५ मध्ये ताराबाई मोडक मुंबईतलं नावारूपाला आलेलं बालशिक्षणाचं काम मागं ठेवून बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. बालवाडी उघडली, पण आदिवासी पाड्यांवरची पोरं येईनात. लहानग्यांना इतक्या लांब कोण धाडणार, आणि लेकरू तरी अनोळखी घरात कसं बसणार? तेव्हा या बाया पोरांची वाट पाहत बसल्या नाहीत. बालवाडीच उचलून पाड्यावर नेली, कुणाच्या तरी अंगणात मांडली. आई शेजारी कांडत-निसत बसलेली, आणि पोर चार पावलांवर गाणं म्हणतंय. अंगणातली म्हणून अंगणवाडी. पुढं २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची बालविकास योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली, त्या केंद्रांनाही हेच नाव मिळालं, आणि आता ते गावागावांत सिमेंटच्या खोलीवर रंगवलेलं असतं. ताराबाईंच्या संसाराची सुरुवात आपल्याच वऱ्हाडात, अमरावतीला झाली होती, हेही मी तिला सांगितलं. ताई खूष झाली. मग खोलीकडं बघत म्हणाली, "अंगण तं गेलं बाई. पण पह्यले दोन दिवस मी मायले दारात तांदूळ निसायले बसवतो. तेवढंच अंगण."

बरोबर बोलली. तिच्याकडं अशा पुष्कळ गोष्टी होत्या. त्यातली कूकची मला सर्वांत आवडली. पदरानं तोंड झाकायचं, 'कूऽऽक' म्हणायचं, पदर काढायचा. तान्ह्याशी आपण सगळेच खेळतो. साधारण आठ-नऊ महिन्यांचं झालं की लेकरू आई दिसेनाशी झाल्यावर कासावीस होतं, आणि नेमक्या त्याच वयात त्याला कूकचं वेड लागतं. गेलेला चेहरा परत येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो. ताई हाच खेळ तीन वर्षांच्यांशी खेळते, पण लांबवून. आधी स्वतः कपाटामागं जाते. मग बाहेर ओट्यावर. मग मावशीच्या खोलीत जाऊन मनातल्या मनात वीस मोजून येते. दर वेळी आधी सांगून, आणि दर वेळी सांगितलं तिथूनच उगवते. पोरं हसून हसून लोळतात. त्यांना वाटतं खेळ चाललाय.

आणखी एक नेम: ज्यानं येतो म्हटलं, त्यानंच घ्यायला यायचं, निदान पहिले आठ दिवस. माय म्हणाली आणि आजी आली, हे चालायचं नाही. निंदणाच्या दिवसांत हे सोपं नव्हे. भाचेसुनेचं वावर घरचं, नाल्यापलीकडं, म्हणून तिला जमलं. दुसऱ्याच्या वावरात रोजानं जाणारीनं काय करावं? अर्धा रोज बुडवावा? ताईनं त्यावर तोडगा काढला होता, तो असा की जी रोजानं जाते तिनं खोटं बोलू नये. "खिचडी झाली की आजी येते, दिवा लागला की मी येतो," असं दोन्ही सांगावं. पोरगं रडलं तरी चालेल. रडणं मोकळं असतं.

घ्यायला येणाऱ्या आजीचं नाव निघालं आणि मला सिंदखेडराजा आठवलं. दर १२ जानेवारीला तिथं जिजाऊंच्या जन्मस्थळी माणसांचा पूर लोटतो, माता म्हणून त्यांची थोरवी गायली जाते, आणि ती शिवाजीराजांपासून सुरू होऊन शिवाजीराजांपाशीच थांबते. मला मात्र दर वेळी त्यांच्या मांडीवरचं दुसरं लेकरू दिसतं. सईबाई १६५९ मध्ये वारल्या तेव्हा संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे होते. अंगणवाडीत यायच्याही आधीचं वय. 'माय कुठी गेली' हे त्या पोरानं कोणाला विचारलं असेल? कापूरहोळची धाराऊ होती, आणि आजी होती. आपल्या जिल्ह्यातल्या त्या आजीनं काय उत्तर दिलं असेल, याची कुठल्या बखरीत नोंद असायचं कारण नाही.

तोच प्रश्न आमच्या ताईपुढंही असतो. तिच्या पटावर आजीजवळ राहणारी पोरं आहेतच. आईबाप कुठं वीटभट्टीवर, कुठं पुण्याकडं बांधकामावर. दिवाळीनंतर आणखी भर पडते. यांना खिचडी झाली की कोणी येणार नसतं. आणि एक मुलगा असा, की ज्याचा बाप आता येणारच नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं त्यांत आमचं नाव होतं. पॅकेज संपलं, नाव काही पुसलं गेलं नाही. त्या मुलाला गावातला जो तो म्हणतो, बाबा गावाला गेले, येतील. ताई म्हणत नाही. "येतो या शब्दाचं मी त्याच्याजवळ नाव नाई घेत," ती म्हणाली. "त्यानं इचारलं तं सांगतो, बाबा वारले. आन् मी हाये, उद्याबी हाये." हे बोलताना ती मणी ओवत होती. लाल, पिवळा, लाल, पिवळा. मी माझ्या साऱ्या नोकरीत एवढं नीट काही बोलले असेन असं वाटत नाही.

बाहेरच्या जगातल्या एका बाईंची गोष्ट तिला सांगावी असं वाटलं होतं, ती राहून गेली. मेरी एन्सवर्थ. १९५४ मध्ये त्या नवऱ्याबरोबर युगांडाला गेल्या, आणि कंपालाजवळच्या खेड्यांत घरोघरी जाऊन आया आणि त्यांची तान्ही पाहत बसल्या. मांडीवरून उतरायचं, थोडं लांब जायचं, मागं वळून आई आहे ना बघायचं, पुन्हा लांब जायचं. जवळ आई असली तरच लेकरू लांब जातं, हे त्यांनी तिथं टिपलं. पुढं अमेरिकेत बाल्टिमोरला त्यांनी एका खोलीत हाच प्रकार बांधून घेतला: आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते, आणि आडून पाहणारे टिपत राहतात. सगळ्यांना वाटायचं, आई गेल्यावर मूल किती रडतं ते पाहायचं असेल. त्यांनी मुख्यतः पाहिलं ते आई परत आल्यावर मूल काय करतं. धावत येतं आणि कुशीत शांत होतं, की तोंड फिरवतं, की बिलगून मारतही राहतं. जाणं कसंही झालेलं असो, नातं कळतं ते येण्याच्या घडीला.

माझा माहेरचा शेवटचा दिवस होता. सकाळी लहानी रडली नाही. ओठ काढला, दस्ती घेतली आणि आत गेली. साडेअकराला आभाळ काळं झालं आणि असा पाऊस कोसळला की पत्र्यावरच्या आवाजात गाणी ऐकू येईनात. गंजावर सराटा वाजला. पोरं जेवली. छत्र्या, पोती, प्लॅस्टिकचे कागद पांघरून आज्या-आजे येऊ लागले, एकेक पोर उचलून नेऊ लागले. नाल्याला पाणी आल्याचं कुणीतरी सांगितलं. पैनगंगेला जाऊन मिळणारा हा एरवी कोरडाठाक नाला अर्ध्या तासात बाईमाणसाला अडवण्याएवढा फुगतो.

लहानी दारात उभी. उंबऱ्याच्या आत, कारण बाहेर जायचं नाही हा नेम. मी म्हटलं, "चल, आजीसंगं जाऊ घरी." तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ताईनं मला मानेनं नको म्हटलं, आणि तिच्याशेजारी उंबऱ्यावर येऊन बसली. "नाल्याले पाणी आलं," तिनं तिला सांगितलं, मोठ्या माणसाला सांगावं तसं. "माय तिकडल्या धुऱ्यावर उभी असंन. पाणी उतरलं की येते." लहानीनं हे ऐकून घेतलं. दस्तीचं टोक तोंडात घातलं. मावशीनं गंज घासून पालथा घातला. मी घड्याळ बघत होते, त्या दोघी पाऊस.

पाऊणएक तासानं पांदीच्या तोंडाशी शर्ट दिसला. गुडघ्याच्या वरपर्यंत चिखल, लुगडं पायांना चिकटलेलं, चपला हातात. भाचेसून पळतच आली, ओट्यापाशी येऊन उभी राहिली, धाप लागलेली, आणि दोन्ही हात पुढं केले.

लहानी जागची हलली नाही. तिनं दस्ती तोंडातून काढली, मायकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि जोरात म्हणाली, "खिचडी कव्हाची झाली!"